खिळ्यावरचा शर्ट

भाऊ खोलीत बूट घालून बसलेले दिसले, की समजायचं, सध्या हाताला पैशाचं काम नाही.

काम असलं की ते बनियन आणि लुंगीवर असत. मांडी घालून, लॅपटॉप पाटावर ठेवून एखाद्या टेम्पोवाल्याची, केटररची नाहीतर दातांच्या डॉक्टरची वेबसाइट करत बसत. पण एक काम संपून दुसरं यायच्या आधीचे जे दिवस, ज्यांना ते ‘मधले दिवस’ म्हणत, त्या दिवसांत त्यांचा थाट वेगळा. सकाळी सहाला आंघोळ, दाढी, इस्त्रीची पँट, मोजे आणि पॉलिश केलेले काळे बूट. मग पुनावळ्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते टेबलाशी ताठ बसत आणि जगात कुठेही नसलेल्या एखाद्या कंपनीची वेबसाइट बनवायला घेत.

मी एकदा विचारलं, “भाऊ, सरावाला बूट कशाला?”

“पगारी कामात चूक झाली तर गिऱ्हाईक बोंब मारतं,” ते म्हणाले. “सरावात कोण बोंब मारणार? तिथं आपलं आपल्यालाच नीट बसायला लागतं.”

माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर होते, शाळा जिल्हा परिषदेची, पदवी कॉम्प्युटरची. वेबसाइट म्हणजे काय, यावर दहा गुणांचं उत्तर मला लिहिता येत होतं. वेबसाइट करता येत नव्हती. गावाकडच्या एकाने भाऊंचा नंबर दिला. मी फोनवर बराच वेळ माझे गुण सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ये. येताना गादी आण.” एवढ्यावर मी त्यांच्या खोलीत दीड वर्ष राहिलो. आज माणच्या एका आयटी कंपनीत जे चार पैसे कमावतो, ते त्या खोलीत शिकलेल्या गोष्टींवर. म्हणून हे लिहिताना जपून लिहितो आहे. त्यांची चेष्टा व्हावी असं मला वाटत नाही, आणि जे घडलं त्यातलं काही गाळावं असंही वाटत नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दूध घेऊन वर आलो तर भाऊ फोनवर बोलत होते. “हो साहेब. नाही साहेब, लाल नको. तुमच्या गेटवर भर उन्हात मोबाइलवर ते वाचता येणार नाही.” मग बराच वेळ ऐकत राहिले, मान हलवत. “बरं. मंगळवारी दाखवतो.” फोन ठेवून त्यांनी वहीत लिहिलं: साहेबांना लोगो मोठा हवा.

“कोणाचा फोन?” मी विचारलं.

“ज्यांची साइट करतोय त्यांचा.”

“पण भाऊ, ती कंपनी तर...”

“नाहीये ना. म्हणून तर जास्त लक्ष देऊन ऐकायला लागतं.”

टेबलावर ठेवलेला तो मोबाइल मी नंतर पाहिला. काच तडकलेला, जुना. पानं हळू नेटवर कशी उघडतात हे तपासायला ठेवलेला. त्यात सिम नव्हतं.

हळूहळू मला त्याची सवय झाली. चार दिवस खपून केलेलं पान पाचव्या दिवशी ते तोंड पाडून मोडायला घेत. “साहेबांचं मत बदललं.” आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा केलेलं पान पहिल्यापेक्षा चांगलं असे. आमच्या घरमालकीण आक्का, मूळच्या पुनावळ्याच्या, जिन्याखाली बसून वरचं सगळं ऐकत. जाता-येता भाऊंना टोचत, “काय रं, तुझं भूत आज काय म्हनतंय? पसंत पडलं का न्हाई?”

“व्हय आक्का, पन बटन जरा खाली घ्या म्हनतंय,” भाऊ त्यांच्याच बोलीत उत्तर देत.

कंपनी खोटी असली तरी पत्ता उगाच लिहायचा नाही, असा त्यांचा हट्ट होता. एकदा मला घेऊन बसने चाकणला गेले. औद्योगिक वसाहतीत एक रिकामा प्लॉट होता, गुडघाभर गवत, एका बाजूला मोडकी तार. भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हात हलवून न दिसणाऱ्या गाडीला मागे घेऊ लागले. “येऊ दे... येऊ दे... डावीकडं काट... बस्स!”

शेजारच्या गेटवरचा वॉचमन उठून आला. “ओ काका, कुणाला शिकवताय?”

“गाडीला.”

“कुठाय गाडी?”

“येईल की.”

वॉचमन माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. भाऊंनी वहीत लिहिलं: चाळीस फुटी गाडी एका दमात वळते. परत निघताना माझ्या लक्षात आलं, की मी त्या गवतातून सरळ चालत आलो नव्हतो. गाडी जिथे ‘उभी’ केली होती, तिला वळसा घालून आलो होतो.

सरावाचे त्यांचे तीन नियम होते. लसूण सोलता सोलता त्यांनी ते मला सांगितले, आणि मी वहीत उतरवून घेतले. पहिला, सराव झाकून करायचा नाही. साइट खरोखर नेटवर चढवायची. “कोणी बघत नाही म्हटलं की हात ढिला पडतो.” दुसरा, पगारी काम आलं की त्याच दिवशी सराव पुसून टाकायचा, दया करायची नाही. तिसरा, सगळी पानं करायची, पण भरतीचं पान करायचं नाही.

“का?”

“साइटवर पत्ता चाकणचा आहे,” ते म्हणाले. “इथं सगळं खोटं चालेल. तेवढं चालणार नाही.”

मी लिहून घेतलं. समजून घेतलं नाही.

आता त्या फोटोंविषयी. सगळे जण ‘आमची माणसं’ या पानावर नेटवरून उतरवलेले, दात काढून हसणारे परदेशी चेहरे लावतात. भाऊंना त्याची चीड होती. “त्या माणसानं कधी चाकणचा चहा प्यायलाय का?” वेबसाइटच्या धंद्यात यायच्या आधी ते चाकणला एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते. कंत्राटी कामगारांचे गेटपासचे फोटो काढायचे, दिवसाला शंभर शंभर. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने जुनी हार्ड डिस्क भंगारात काढली, ती यांनी मागून घेतली. सरावाच्या कंपन्यांमधली माणसं त्या डिस्कमधून येत. कुणाचं नाव नाही, नुसते आकडे. नावं आम्ही द्यायचो, हुद्दे आम्ही द्यायचो. गेटवर रांगेत उभी राहिलेली ती माणसं भाऊंच्या पानावर उत्पादन प्रमुख होत, गुणवत्ता अधिकारी होत. एरवी ते फोटो कुठे वापरत नसत आणि पगारी कामात तर कधीच नाही.

ज्या साइटची ही गोष्ट, ती रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची होती. अकरा माणसं. फोटो साफ करायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी सगळे अकरा चेहरे एका ओळीत लावले तेव्हा ते दिसलं. चेहरे अकरा होते, शर्ट एकच होता. मळकट पांढरा, बारीक तपकिरी रेघांचा. कुणाच्या गळ्यात घट्ट, कुणाच्या अंगावर ढगळ. आणि अकराही जणांचं वरून दुसरं बटण वेगळं: गडद निळं, लाल दोऱ्याने शिवलेलं.

“स्टुडिओचा शर्ट आहे,” भाऊ मान वर न करता म्हणाले. “गेटपासला कॉलर लागते. पोरं टी-शर्टवर यायची. पडद्यामागं खिळ्यावर एक शर्ट असायचा. घालायचा, फोटो काढायचा, परत अडकवायचा.”

“बटण पांढरं करू का? एकसारखं दिसेल.”

तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. “बटणाला हात लावू नकोस. त्या पानावर तेवढंच खरं आहे.”

तो शर्ट आमच्या खोलीतच होता. दाराआडच्या खिळ्यावर. मी तो रोज पाहत होतो आणि भाऊंचा समजत होतो. त्याच महिन्यात मला माणहून मुलाखतीचं बोलावणं आलं. माझ्याकडे धड शर्ट नव्हता. भाऊंनी खिळ्यावरचा काढून दिला. “घाल. याच्यात फोटो काढलेला माणूस कामाला लागतो.” मला तो नेमका बसला. दिवसभर मला सारखं वाटत होतं, की कुणीतरी तो परत मागायला मागून चालत येतंय. मुलाखत चांगली झाली. संध्याकाळी धुऊन मी तो पुन्हा खिळ्यावर लावला.

पुढचं सगळं माझ्या चुकीने झालं.

भाऊ दोन दिवस मावशीकडे तळेगावला गेले होते. त्यांनी परत यावं आणि आपली पाठ थोपटावी, एवढीच माझी इच्छा. साइटला एक पान कमी वाटत होतं. मी ‘भरती सुरू आहे’ असं पान केलं. अर्ज भरायची सोय केली, मोबाइलवर अंगठा पोचेल तिथे बटण ठेवलं, रंग उन्हात वाचता येईल असा निवडला. भाऊंनी शिकवलेलं सगळं वापरलं. नेटवर चढवलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे चाळीस अर्ज आले होते. कुणीतरी ते पान भरतीच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेलं होतं. ‘बारावी पास, कोणतेही काम चालेल.’ ‘कंपनीतून ब्रेक मिळाला आहे, सध्या काम नाही, नाइट शिफ्ट चालेल.’ ‘दोघं भाऊ आहोत, एकाला तरी घ्या.’ हे असेच अर्ज मी स्वतः गावाहून पाठवले होते.

भाऊ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी ते पान काढलं. मग पिशवी ठेवली, बूट काढले नाहीत, तसेच बसले आणि एकेकाला उत्तर लिहू लागले. ‘ही कंपनी नाही, शिकण्यासाठी केलेली साइट आहे. आमची चूक झाली. क्षमा असावी.’ अर्धे त्यांनी लिहिले, अर्धे मला लिहायला लावले. एकच मजकूर सगळ्यांना एकदम पाठवता आला असता. “त्यांनी एकेकट्यानं लिहिलंय,” ते म्हणाले. “आपणही एकेकट्याला लिहायचं.”

त्या ढिगात एक अर्ज असा होता, की त्यात शिक्षण नव्हतं, अनुभव नव्हता. नाव बाईचं, पत्ता दापोडीचा. खाली एकच ओळ:

‘तुमच्या अकराही माणसांनी माझ्या मिस्टरांचा शर्ट का घातला आहे?’

मी ती ओळ वाचली आणि दाराआडच्या खिळ्याकडे पाहिलं. भाऊही तिकडेच पाहत होते.

“तो स्टुडिओचा नाही ना?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “स्टुडिओचा आकाशी होता.”

मग त्यांनी सांगितलं. एक दिवस गेटपासच्या गर्दीत एक माणूस फोटो काढून गेला; अंगातला शर्ट घामाने भिजला होता म्हणून त्याने स्टुडिओचा घातला होता. त्याच्या मागचा पडद्याआड गेला आणि ओरडला, इथं तर दुसराच शर्ट आहे. आधीचा माणूस स्टुडिओचा आकाशी शर्ट घालून निघून गेला होता आणि आपला खिळ्यावर विसरला होता. सगळे हसले. येईल संध्याकाळी बदलायला, असं म्हणून त्याच्याच शर्टावर पुढच्यांचे फोटो काढले. तो आला नाही. फोटो न्यायलाही आला नाही. त्याच्या शर्टावर मग स्टुडिओ बंद पडेपर्यंत फोटो निघाले.

“तुम्ही तो घरी कशाला आणला?”

“लोकाचा शर्ट आहे,” भाऊ म्हणाले. “टाकून कसा देणार?”

भाऊंनी तिला उत्तरात आमचा पत्ता कळवला, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिशी ओलांडलेली, खांद्याला कंपनीतल्या डब्याची पिशवी. मी “या ताई, बसा” म्हणालो, पण तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. सरळ दाराआडच्या खिळ्याकडे गेली आणि ते निळं बटण अंगठ्याने चाचपून पाहिलं.

“हे माझ्या पोराच्या शाळंच्या शर्टाचं हाय,” ती म्हणाली. “लाल दोरा तेवढाच होता घरात. ते म्हनले, कोन बघतंय बटनाकडं.” मग वळून भाऊंकडे पाहिलं. “हा तुमच्याकडं कसा आला? खरं सांगा. माझे मिस्टर कुठं हायेत?”

भाऊंनी सगळं सांगितलं. स्टुडिओ, गर्दी, आकाशी शर्ट. ती उभ्यानेच ऐकत होती. मग खाली बसली आणि तिने तिच्या बाजूचं सांगितलं. मूळची परभणीकडची. नवरा चाकणला कंत्राटी कामाला. कंपनीने ब्रेक दिला, काम सुटलं, ते त्याने घरी सांगितलंच नाही. “दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन जायचे, शिफ्टच्या टायमाला यायचे. कुठं बसायचे देव जाने. एक दिवस हा शर्ट घालून गेले ते आलेच न्हाईत. सहा वर्सं झाली.”

मी भाऊंच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“आता सासरे म्हनतेत, सर्वपित्रीला दर्भाचा पुतळा करून दहन करू. मानूस गेला असं धरू. तुझं कुंकू उतरव. पुतळ्याला घालाया त्यांचा एखादा कपडा मागतेत. मी म्हनलं, कपडा न्हाई राहिला.” तिने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. “मला एवढंच सांगा, फोटो काढला तवा ते जित्ते होते का?”

हा प्रश्न ऐकायला वेडा वाटतो. तेव्हा खोलीत आम्हा तिघांपैकी कुणालाही तो तसा वाटला नाही.

भाऊंनी डिस्क लावली. फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे ओळीने मांडले. आकाशी शर्ट, आकाशी शर्ट, आकाशी शर्ट. चेहऱ्यामागून चेहरे सरकत होते. मग एकदम बारीक रेघांचा शर्ट आला, निळ्या बटणाचा. भाऊ एक फोटो मागे आले. आकाशी शर्टातला शेवटचा माणूस.

दाढी वाढलेली, गाल बसलेले, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. थोडे बाजूला, जिथे बहुतेक दार असावं.

तिने हात पुढे केला आणि स्क्रीनला न लावता मागे घेतला. “हेच. बारीक झाले.” मग म्हणाली, “तारीख काय हाय?”

तारीख तो घरातून गेल्यानंतरची होती. चार महिन्यांनंतरची. चार महिने तो याच पट्ट्यात होता, हाच शर्ट अंगावर घालून. काम शोधत गेटपासच्या रांगेपर्यंत आला होता, आणि तिथून पास न घेताच दुसऱ्याच्या शर्टात निघून गेला.

भाऊंनी खिळ्यावरून शर्ट काढला, घडी केली, तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

“नेला तर सासरे पुतळ्याला घालतील,” ती म्हणाली. “अन् उद्या ते शर्ट बदलाया आले तर? इथंच राहू द्या, भाऊ. खिळ्यावरच.”

ती गेल्यावर भाऊंनी शर्ट पुन्हा खिळ्यावर अडकवला. मग त्यांनी रबराच्या कंपनीची सगळी साइट पुसली. अकरा माणसं गेली, साहेब गेले, चाळीस फुटी गाडी गेली. मी म्हटलं, झालं, संपलं. तर त्यांनी नवीन पान उघडलं.

त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यांत साधं पान. वर मोठ्या अक्षरांत: ‘शर्ट बदलून न्यावा’. खाली खिळ्यावरच्या शर्टाचा फोटो, निळं बटण नीट दिसेल असा. त्याखाली आमचा पत्ता. पुढे एक ओळ: ‘काही विचारणार नाही.’ एवढंच. नाव नाही, बाईचा उल्लेख नाही. एवढ्या चार गोष्टींसाठी त्यांनी तीन दिवस घेतले. तडकलेल्या मोबाइलवर खोलीतच पान उघडून घेऊन ते बस स्टॉपवर उन्हात उभे राहून पाहून येत आणि अक्षर एक सूत वाढवत.

“या वेळी साहेबांचा फोन नाही आला?” मी विचारलं.

“या वेळी गिऱ्हाईक खरं आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “आता भरतीचं पान कर. त्यातून इकडं यायचा रस्ता ठेव. बिनकामाचा माणूस दुसरं काही उघडत नाही.”

“भाऊ, तुमचा नियम...”

“खोटी भरती नको. जिथं खरोखर माणसं घेतायत, त्यांची यादी टाक. रोज फोन करून खात्री करायची, मग टाकायची.”

ते माझं काम झालं. रोज सकाळी मी पाच-दहा ठिकाणी फोन करून जागा विचारत असे आणि यादी बदलत असे. यादीच्या खाली ते शर्टाचं पान. लोक यादी बघायला येत आणि जात. दरम्यान भाऊंना एका मोठ्या मंगल कार्यालयाचं काम आलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मला धक्का बसला. मग लक्षात आलं: काम घेतलं की सराव पुसायचा, हा नियम त्यांना मोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी कामच घेतलं नाही. बूट रोज चढत होते.

त्यांनी एक बदल मात्र केला. खिळा दाराआडून काढून बाहेर, गॅलरीतल्या भिंतीत ठोकला. शर्ट तिथे. “दार वाजवायची हिंमत सगळ्यांना होत नाही.” आक्का खालून म्हणाल्या, “आता कपडे बी भुताचेच वाळत घाल.”

शर्टाचं पान किती जण उघडतात ते आम्हाला दिसे. बहुतेक लोक उघडून लगेच बाहेर पडत. एक मोबाइल मात्र रोज येऊ लागला. सकाळच्या शिफ्टची वेळ झाली की पान उघडायचं, पाच-सहा मिनिटं उघडं राहायचं, मिटायचं. कुठलं बटण दाबलेलं नाही, यादी पाहिलेली नाही. मी म्हटलं, ताई असतील. फोन करून विचारलं. ताई म्हणाल्या, “मी कशाला बघू? मला तर बटन पाठ हाय.”

सर्वपित्रीला दोन दिवस होते. रविवार, दुपारचे बारा. आम्ही दोघं कोपऱ्यावर चहाला गेलो होतो. पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. परत आलो तर आक्का जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली. वर आलो. गॅलरीत खिळ्यावर शर्ट होता.

आकाशी.

भाऊ जागीच थांबले. मी धावत खाली गेलो. “आक्का, वर कोण आलं होतं?”

“कोन न्हाई बा.”

“अहो, आत्ता, आम्ही नसताना!”

“म्या हितंच हाय की. जिना ह्यो एकच. माझ्या अंगावरून जानार व्हता का?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “काय गेलं काय तुमचं?”

मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. रविवारचं ऊन, नव्या बांधकामांवरचे जाळीचे पडदे, एक कुत्रं.

वर आलो तेव्हा भाऊ आत टेबलाशी बसले होते. शर्टाचं पान त्यांनी पुसलं होतं. मग वाकून, सावकाश, बुटांच्या नाड्या सोडल्या. “काम झालं,” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी मंगल कार्यालयवाल्यांना फोन केला, आणि तो फोन सिम असलेला होता.

नंतरही मधले दिवस येत राहिले, बूट चढत राहिले. त्यांनी मला पुढे पुष्कळ शिकवलं. पण सरावाच्या पानावर माणसं त्यांनी पुन्हा लावली नाहीत. ‘आमची माणसं’ म्हणून नुसत्या रिकाम्या चौकटी ठेवत. हार्ड डिस्क कपाटात गेली. आकाशी शर्ट मी माणला कामाला लागेपर्यंत त्या खोलीत होता. तो कुणी घातल्याचं मी पाहिलं नाही.

ताईंना फोन मीच केला होता, शर्ट बदलला त्याच दुपारी. भाऊ म्हणाले, “पान मी केलं, निरोप तू दे.”

“ताई, शर्ट बदलून नेला,” मी म्हणालो.

पलीकडून गाडीचा आवाज आला. त्यांच्या गल्लीला लागूनच रूळ आहेत. गाडी पूर्ण जाईपर्यंत त्या थांबल्या.

“तुमी बघितलं त्यांना?”

“नाही. कुणीच नाही पाहिलं. स्टुडिओचा आकाशी शर्ट ठेवून गेलेत. तोच आहे. भाऊंनी ओळखला.”

“फाटलाय?”

“नाही.”

“धुतलेला हाय?”

“हो ताई. स्वच्छ. इस्त्री केलेला आहे. बाहीवर घडी आहे, कॉलर कडक आहे.” मला वाटलं त्यांना बरं वाटेल, म्हणून मी नीट पाहून सांगत होतो. “इस्त्रीवाल्याची खूण नाही कुठे, घरीच केलेली दिसते.”

“त्यांना इस्त्री येत न्हवती,” त्या म्हणाल्या. “कधी हातातच धरली न्हाई. मीच करून द्यायची.”

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. “ताई...” मी म्हणालो.

“राहू द्या, दादा. कोनीतरी करून देतंय म्हंजे हायेत ना?” त्यांचा आवाज अगदी सरळ होता. “ठेवते आता. सासऱ्यांना फोन लावते. दर्भ आनू नका म्हनून सांगते.”